सोबत जोडलेला अहवाल

बेळगाव,
रविवार, दुपार

प्रिय निवेदिता,

तू पुण्याहून पाठवलेला तक्रारीचा मसुदा युवराजनं शुक्रवारी हॉस्पिटलात आणून दिला. तीन पानं, नीट टाइप केलेली, शेवटी माझं नाव आणि त्यावर सहीपुरती मोकळी जागा. मी तो चार वेळा वाचला. पहिल्यांदा बाप म्हणून वाचला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मास्तर म्हणून वाचला, तेव्हा तीन पानांत एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही याचा अभिमान वाटला. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी मात्र डॉक्टर होसमनींच्या जागी बसून वाचला, आणि तेव्हापासून ते पाकीट उशीखाली आहे आणि मला त्या उशीवर डोकं ठेववत नाही. उद्या सकाळी अकराला युवराज सही झालेला कागद न्यायला येतोय. "आप्पा, तुम्ही फक्त सही करा, पेपरात कसं आणायचं ते आम्ही गल्लीतली पोरं बघतो," असं सांगून गेलाय. आणि परवा मंगळवारी सकाळी मला पुन्हा ऑपरेशनला आत नेणार आहेत. म्हणजे सही करायची की नाही, ते त्याआधी ठरायला हवं. फोनवरच बोलणार होतो. पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी लगेच गप्प बसतो, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याला इलाज नाही. डाव्या कुशीवर पडून, परीक्षेचं पॅड उशाशी टेकवून लिहितोय. दहा-बारा ओळी झाल्या की कमरेतून कळ निघते, मग थांबतो. इथली पूर्णिमा सिस्टर दोनदा ओरडून गेली, "मास्तर, लिवायचं बास करा की आता, ताप चढंल!" ताप कालपासून शंभराच्या आसपास आहे. टाक्यांची खालची दोन बोटं जागा उघडी आहे आणि आत पाणी धरलंय. मंगळवारी ते सगळं उघडून धुऊन काढतील. जंतू वरवर असले तर निभावलं. खाली मणक्यातल्या स्क्रूपर्यंत पोचले असतील तर स्क्रू काढावे लागतील, आणि मग मी पुन्हा उभा कधी राहणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. घाबरलोय, हे लपवत नाही. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहून पोट भरलेला माणूस मी.

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. तू लिहिलं आहेस, डॉक्टर कन्नड भाषिक, त्यांनी धोके कन्नडमधून सांगितले, संमतीचा कागदही कन्नडमधला, आणि माझे वडील मराठीचे निवृत्त शिक्षक असल्यामुळं त्यांना ते समजलं नाही. हे वाक्य युवराजच्या मंडळींना फार आवडलंय. आपल्या या भागात या एका वाक्यावर काय काय पेटू शकतं, ते तुला सांगायला नको. पण पोरी, ऑक्टोबरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तू नव्हतीस, मी होतो. त्या माणसानं औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं माझा मणका काढून दाखवला. त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "सर, मणक्याचं काम मी करतो. पन जखम भरून काढायचं काम तुमचं रक्त करतंय. रक्तात साखर लई असली की जखम भरत न्हाय, जंतूला मात्र जेवन मिळतंय." स्क्रू मी बसवीन, पण हाड त्याला धरून वाढायचं ते तुमच्या अंगानं वाढवायचं, साखरेच्या माणसाचं हाड सावकाश जुळतं, पायाच्या दबलेल्या नसाही सावकाश जाग्या होतात, असं एकेक बोट दुमडत सांगितलं. मग खात्रीसाठी सगळं पुन्हा कन्नडमधून सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली. दोन्ही वेळा मला सगळं कळलं होतं.

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर तेव्हा दहाच्या वर होती. ते म्हणाले, आठच्या खाली आणा, मग तारीख देतो, तोवर चाकू लावणार नाही. तू लगेच ऑफिसात भांडून जानेवारीअखेरची वीस दिवसांची रजा काढलीस. आणि तुझ्या आईनं घराचा दवाखाना केला. भात बंद, बटाटा बंद, चहातली साखर बंद. सकाळी मेथीचं पाणी, दुपारी जोंधळ्याची भाकरी, संध्याकाळी नाचणीची आंबील. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून मशीनवर बघायची आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायची. आकडे बघून तिला आनंद व्हायचा. व्हायचाच, कारण दर शनिवारी संध्याकाळी माझं पोट बिघडायचं आणि मी ताकावर निजायचो.

हसू नकोस. हसलीस तरी थोडंच हस, कारण पुढं हसण्यासारखं काही नाही.

बाकीचे सहा दिवस काय होतं, ते फक्त शामूला माहीत आहे. आमच्या शाळेचा शिपाई शामू, हिंडलग्याचा, तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तो आपल्याकडे पेपर वाचायला येतो आणि दुपारी मला माझ्याच स्कूटरवरून "वारं खायला" नेतो. ते वारं खडेबाजारात एका दुकानाच्या बाकावर मिळायचं आणि त्याच्याबरोबर बशीभर खव्याचा गोड कुंदा. शामूलाही साखर आहे, पण तो औषधाला आणि पथ्याला पक्का. माझ्यासमोर बसून बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, बास करा की आता. वयनी विचारत्यात, मला खोटं बोलाय येत न्हाय." मी त्याला सांगायचो, अरे, दुखण्यात माणसाला एवढं तरी सुख नको? दुखणं खरंच होतं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जायला दोनदा बसावं लागायचं, उजवा पाय लाकडासारखा व्हायचा. त्या दुखण्याच्या नावावर मी वाट्टेल ते खपवलं. जानेवारीत कडोलीच्या साहित्य संमेलनात कथेच्या सत्राचा अध्यक्ष होतो ना, तिथंही उशी घेऊन दोन तास बसलो, आणि जेवणात बुंदी दोनदा मागून घेतली.

संक्रांत झाली आणि मग डोळे उघडले. पुढच्या सोमवारी रक्त द्यायचं होतं. आकडा काय येणार हे मला ठाऊक होतं. आठच्या वर आला की ऑपरेशन दोन-तीन महिने पुढं, तुझी रजा वाया, आणि तुझ्या आईच्या तीन महिन्यांच्या भाकऱ्यांसमोर मी उघडा. दुखण्यापेक्षा त्या उघडं पडण्याला मी जास्त भ्यालो, हे आज कबूल करतो. तुझ्या रजेचं नाव मी त्यावेळी स्वतःला फार सांगितलं. त्यात तुझा काडीचा दोष नाही. निमित्त लागतं माणसाला, ते मी तुझं वापरलं.

रविवारी संध्याकाळी मी शामूला विचारलं. तो खूप वेळ चप्पल पायानं पुढं-मागं करत राहिला. मग म्हणाला, "रक्तच द्यायचं न्हवं? मास्तर, तुमच्यासाठी बाटलीभर देतो. पन हे बरं हाय का?" मी त्याला सांगितलं की बरं आहे. पस्तीस वर्षं त्यानं माझा शब्द मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. सोमवारी सकाळी तुझी आई कपिलेश्वराला जाते, म्हणून मी लॅबवाल्याला मुद्दाम तीच वेळ दिली होती. सँपल न्यायला आलेला माणूस नवा होता. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं म्हातारे पेपर घेऊन बसलेलो. त्यानं विचारलं, "गोपाळ मास्तर कोण?" शामूनं बाही वर सारली आणि म्हणाला, "मीच की." मी पेपरातून मान वर काढली नाही.

तुझ्या तक्रारीला सोबत जोडलेला अहवाल तो हा. सात पॉइंट दोन. साखर पूर्णपणे आटोक्यात असतानाही जखम चिघळली, म्हणजे हा निष्काळजीपणाच, असं तू त्याच्या आधारानं लिहिलं आहेस. अहवाल खरा आहे, निवेदिता. फक्त तो हिंडलग्याच्या शामूचा आहे.

पुढचं वाचण्याआधी पाणी पी. मीही थांबतो जरा, कळ आलीय.

त्या अहवालाचं घरी काय झालं, ते तू येण्याआधीचं आहे. तुझ्या आईनं तो देवापुढं ठेवून दिवा लावला. गल्लीतल्या बायकांना तिनं तिचा आठवड्याचा खाण्याचा तक्ता उतरवून दिला. ती खुशीत होती आणि मी तिच्याकडं बघून हसत होतो. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात म्हणत होतो. दवाखान्यात गेलो तर त्याहून भारी. डॉक्टर होसमनी खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेतला. बाहेर बाकावर नंदगडच्या मालुबाई म्हणून एक बाई बसल्या होत्या, त्यांचंही कमरेचंच ऑपरेशन साखरेसाठी अडलं होतं. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, "अज्जी, बघा, मास्तरांनी करून दाखवलं. तुम्ही का न्हाय करणार?" ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मी नमस्कार केला. तिथं तेव्हाच बोललो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

ऑपरेशन उत्तम झालं, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. भरती केल्यावर बोटाची साखर जास्त दिसली तेव्हा मी म्हणालो, भीतीनं वाढली असेल. त्यांनी सलाईनमधून इन्शुलिन देऊन ती खाली आणली. पण तीन महिने अंगात मुरलेलं एका दिवसात थोडंच निघतं? चौथ्या दिवशी मी वॉकर धरून खिडकीपर्यंत गेलो, पायातली कळ गेलेली, तू व्हिडिओ काढलास. मला वाटलं, जिंकलो. तुझी रजा संपून तू गेलीस आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आईला माझ्या बनियनवर पिवळा डाग दिसला.

तेव्हा डॉक्टरांनी मला दोन दिवस हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि ती तीन महिन्यांची साखर पुन्हा करायला लावली. या वेळी रक्त हॉस्पिटलातच काढलं, माझंच. दहा पॉइंट चार. जंतूंमुळं रोजची साखर वाढते हे खरं, म्हणून तुझ्या आईनं फार विचारलं नाही. पण तीन महिन्यांचा हिशेब एका महिन्यात एवढा उडी मारत नाही, हे डॉक्टरला कळणार नाही तर कुणाला? ते एकटेच आत आले. दोन्ही कागद माझ्या पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "सर, हे दोन्ही रिपोर्ट तुमचंच काय?" आवाजात राग नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला वाटलं त्यांना सगळं दिसतंय. मी म्हटलं, हो, माझेच. ते "बरं" म्हणाले आणि कागद उचलून गेले. लॅबची चूक असू शकते, एवढंच म्हणून त्यांनी तो विषय सोडला. त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही पुन्हा विचारलेलं नाही.

मार्चअखेर ताप येऊन पुन्हा भरती झालो आणि तू पुण्याहून धावत आलीस. बाहेरच्या पॅसेजमध्ये तू त्यांना काय काय बोललीस, ते मी अर्ध्या उघड्या दारातून सगळं ऐकलं. "माझ्या आप्पांची साखर सात पॉइंट दोन होती, तुमच्या फाइलला लावलाय रिपोर्ट, वाचता येत नाही का?" असं तू ओरडलीस. त्यांनी दारातून एकदा माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं. आपल्या लेकीला दुसऱ्याचा अपमान करताना ऐकायचं, तोही आपल्या खोट्यासाठी, आणि पडून राहायचं. निवेदिता, जखमेपेक्षा ते जास्त दुखतंय.

तरीही कदाचित मी सही केली असती. खरं सांगतोय. माणूस एवढा घसरला की आणखी थोडं घसरायला त्याला वेळ लागत नाही. पण काल सकाळी माझ्या कॉटपाशी वॉकरची खडखड झाली. बघतो तर मालुबाई. नंदगडच्या त्याच. दहा दिवसांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं, टाके कोरडे खडखडीत, उद्या घरी जाणार. मला शोधत आल्या होत्या. "मास्तर, तुमचं बघून मी केलं बघा. अकरा होती माझी साखर. भात सोडला, गूळ सोडला, लेकाच्या घरभरणीत पोळीचा तुकडा तोंडात घातला न्हाय. म्हटलं, मास्तरांना जमतंय तर मला का जमू न्हये." एवढं म्हणून माझ्या पाठीकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आणि तुमचंच असं का झालं वो? देव बी बघा कसा..." त्या माझ्या खोट्या आकड्यामागं खऱ्या पायांनी चालत गेल्या आणि पोचल्या.

त्या गेल्यावर तुझी आई डबा घेऊन आली. तिला मी सगळं सांगितलं. कुंदा, शनिवारचं ताक, शामूचं रक्त, सगळं. ती मोसंबं सोलत होती, सोलतच राहिली. फोडी वाटीत भरल्या, सालं कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "म्हणजे तीन महिने मी उगाचच भाकऱ्या थापल्या व्हय?" मला वाटलं आता रडेल, ओरडेल. ती उठली, डबा तसाच ठेवला आणि दारातून म्हणाली, "पोरीला तुमचं तुम्हीच कळवा. मी सांगणार न्हाय." आज सकाळी ती आलीच नाही. डबा शामू घेऊन आला. तो गेले पंधरा दिवस रोज हिंडलग्याहून बसनं येतो आणि खालच्या फाटकाशी बसून जातो, वर येत नाही, हे मला आज पूर्णिमा सिस्टरकडून कळलं. आज वर आला, डबा ठेवला आणि माझे पाय धरून ढसाढसा रडला. म्हणतो, माझ्या रक्तानं तुमचा घात केला. घात मी केलाय. त्याचा, तुझ्या आईचा, तुझाही. त्याला यात कुणी एक शब्द बोलायचा नाही, हे मात्र तुला बजावून सांगतो.

तुला वाटेल, एवढं फोनवर चार वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो. पण तुझ्या तक्रारीत लिहिलंय की माझ्या वडिलांना कन्नड समजत नाही, आणि त्याला उत्तर कागदावरच द्यावं लागतं. तू मला कधी कन्नड लिहिताना पाहिलेलं नाहीस. सीमाप्रश्नाच्या मोर्चात कन्नड न लिहिण्याची शपथ घेतली होती आणि पन्नास वर्षं पाळली. लहानपणी खानापूरच्या शाळेत कन्नड हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं, हे तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही. मराठी माझी आई आहे, तिच्यासाठी मी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात, पुन्हा खाईन. पण आईच्या पदराआड लपून दुसऱ्याच्या लेकराला चोर ठरवणं मला जमणार नाही. म्हणून आज सकाळी पूर्णिमा सिस्टरकडून कोरा कागद मागून घेतला आणि डॉक्टर होसमनींना चार ओळी लिहून दिल्या: जानेवारीतलं रक्त माझं नव्हतं, ते मी फसवून दिलं, तुम्ही मला सगळं दोन्ही भाषांत समजावलं होतं आणि मला सगळं समजलं होतं. चारही ओळी कन्नडमधून, माझ्या हातानं, खाली सही, तीही कन्नडमधूनच. पडून लिहिलं, तरी कन्नड अक्षर अजून चांगलं आहे. ते वाचून डॉक्टर आत आले आणि माझी नाडी धरून बसले; मंगळवारी ऑपरेशनला तेच असणार आहेत. त्या कागदाची झेरॉक्स, तुझी तीन पानं सहीविना आणि हे पत्र एकाच पाकिटात घालून उद्या अकराला युवराजच्या हातात देतोय, दुपारच्या पुण्याच्या बसनं रात्रीपर्यंत तुला पोचवायला. तू मंगळवारी येशील, हे मला माहीत आहे. रागानं आलीस तरी ये. फक्त एक कर, आल्यावर आधी डॉक्टर होसमनींकडं जा, मग माझ्याकडं ये.

तुझाच,
आप्पा